आतल्या बाजूचे ओरखडे

त्या दिवसांतलं पहिलं काय आठवतं असं कुणी विचारलं तर मी सांगेन, अळणी वरण. निर्मलताईचं तेरावं झालं, पाहुणे आपापल्या गावी गेले, आणि आईनं वरणात मीठ घालायचं सोडून दिलं. मुद्दाम नव्हे, विसरायची बिचारी. आश्चर्य त्याचं नाही. आश्चर्य ह्याचं की बाबा, आई आणि मी, आम्ही तिघं ते वरण भातावर ओतून घ्यायचो, मुकाट जेवायचो, ताटं उचलायचो, आणि एकाच्याही लक्षात यायचं नाही. चार-पाच दिवसांनी शेजारची कमळाकाकू केळफुलाची भाजी घेऊन आली, तिनं आमच्या वरणाला बोट लावून बघितलं आणि ओरडलीच, "अगो बाय, ह्याच्यात मीठ कुठाय? तुमी जेवता तरी कसे?" आईनं मिठाची बरणी तिच्या हातात दिली आणि बाजूला सरकून बसली. कमळाकाकूनं मीठ घातलं. त्या रात्री वरण खारट झालं होतं म्हणे. तेही मला कळलं नाही.

आमचं घर माकुणसारला. घरामागे वाडी, म्हणजे काकांची आणि आमची मिळून. आमच्या वाट्याला केळीचे दोन वाफे, थोड्या पानवेली, सहा नारळ आणि विहिरीवरचा अर्धा हक्क. एवढ्यावर घर चालत नाही हे बाबांना लग्नाआधीच कळलेलं होतं. तरुणपणी ते मुंबईत एका आरसेवाल्याकडे राहिले, तिथे काच घासायला शिकले, आणि बोईसरला कारखाने आले तसे परत येऊन बेटेगावच्या रस्त्याला पत्र्याची एक शेड टाकून बसले. मोटारींच्या काचांवरचे ओरखडे घासून काढायचे, हा त्यांचा धंदा. लोकांना वाटायचं, ह्यात काय धंदा होणार? पण तेव्हा तारापूरच्या वसाहतीत रस्ते कमी आणि धूळ जास्त. ती धूळ गाडीच्या दरवाजातल्या रबरात जाऊन बसायची, काच वरखाली केली की उभ्या रेघा. नवी काच मागवायची तर मुंबईहून यायला आठवडा. त्यापेक्षा आमच्या बाबांकडे दिलेली बरी. संध्याकाळी ते घरी यायचे तेव्हा त्यांचे दोन्ही तळवे गेरूत बुडवल्यासारखे तांबडे असायचे, कारण काच घासायची पूड तांबडी. आई विहिरीवर त्यांच्या हातांवर पाणी ओतायची आणि तिथली फरशी कायमची तांबडी झालेली.

बाबांची एक खोड होती. ते ओरखडे वाचायचे. काच हातात आली की आधी उजेडाकडे धरायची, डोळा बारीक करायचा, आणि गिऱ्हाइकाला त्याच्याच गाडीची कथा सांगायची. "ही बकरी हाय. टपावर चढली होती ना? उतरताना पाय घसरला तिचा." गिऱ्हाईक चाट. "हे पोरगं. चार आण्याचं नाणं घेऊन काढलंय, डावखुरं हाय." "ही बाईनं भांडी घासायचा चोथा मारलाय, गोल गोल बघा, आता बाईला बोलू नका, तिला काय माहीत." एकदा एका कंपनीच्या साहेबाला त्यांनी सांगितलं की तुमचा ड्रायव्हर तुमच्या मागे गाडीतून मासळी नेतो, टोपलीची कड घासलीय. साहेब हसला, ड्रायव्हर मात्र पुढे वर्षभर बाबांकडे बघायचा नाही. बाबांना ह्या वाचण्याचा अभिमान होता. घरी जेवताना ते त्या दिवसाचे ओरखडे आम्हाला सांगायचे आणि ताई त्यांना चिडवायची, "बाबा, तुमी पोलिसात जायला होतात. चोर सोडून काचा काय धरता?"

ताई माझ्याहून सहा वर्षांनी मोठी. दिसायला चांगली, हाताला चव, तरी लग्न जुळेना. मग कुणीतरी पत्रिका बघून सांगितलं, उजव्या हाताच्या पहिल्या बोटात पुष्कराज घाला, गुरुवारी. बाबांचा पत्रिकेवर विश्वास असो नसो, सोनारावर अजिबात नव्हता. "पिवळी काच देईल तो आपल्याला, आणि मी काचवाला मान हलवून घेईन," म्हणाले. खडा सोन्यात बसवण्याआधी ते तो शेडवर घेऊन गेले. मीही हट्टानं बरोबर गेले होते. एका फुटक्या काचेवर त्यांनी तो खडा ओढला. करकर आवाज झाला आणि काचेवर एक रेघ उमटली, केसासारखी बारीक, दोन्ही कडांना पांढरी भुकटी. "खरा हाय," बाबा म्हणाले. मग ती रेघ मला उजेडात धरून दाखवली. "बघ शोभे, खिळ्याची रेघ अशी नसते, नाण्याची नसते. ही मी झोपेत पन ओळखीन." चार महिन्यांत ताईचं लग्न ठरलं. ती अंगठी तिनं पुन्हा कधी काढली नाही. कणीक मळतानासुद्धा नाही. आई ओरडली तर म्हणायची, "खडा निघाला तर नवरा पन निघून जाईल, मग सांभाळशील मला?"

पहिल्या बाळंतपणाला ती आमच्याकडे आली. सातवा संपत आला होता. त्या दुपारी बाबा बोईसरला, आई सफाळ्याच्या बाजारात पानं द्यायला गेलेली, घरी आम्ही दोघीच. ताईच्या पोटात अचानक कळा यायला लागल्या आणि साडी भिजली. कमळाकाकूनं नाक्यावरची भाड्याची गाडी बोलावली, मीही येते म्हणाली, पण तिच्या पायात चपला चढेपर्यंत गाडी निघाली होती. मागच्या सीटवर ताई आडवी, तिचं डोकं माझ्या मांडीवर. पालघरच्या दवाखान्याच्या पायऱ्या चढवताना डॉक्टरांनी तिचा हात धरला आणि सोडून दिला. पोटातलंही गेलं होतं.

आई आणि बाबा तासाभराच्या अंतरानं तिथे पोचले. आईनं माझे दोन्ही दंड धरून विचारलं, "त्रास झाला का गं तिला?" मी म्हटलं, "नाय. झोपेतच गेली." मी सोळा वर्षांची होते. ते वाक्य मी ठरवलेलं नव्हतं, तोंडातून गेलं. पण एकदा गेलं ते गेलं. नंतर जो येईल त्याला आई तेच सांगायची, "झोपेतच गेली हो, एवढं तरी देवानं केलं," आणि माझ्याकडे बघायची, आणि मी मान हलवायची. त्या वाक्यावर आई उभी होती हे मला दिसत होतं. ते काढून घेतलं असतं तर ती पडली असती. खरं असं होतं की ताई क्षणभरही झोपली नव्हती. आमच्या गावच्या फाट्यापासून पालघरपर्यंत, पाऊण तास, ती उजव्या हाताची मूठ करून गाडीच्या काचेवर मारत होती. अंगठीचा खडा काचेवर करकरत होता. तो ड्रायव्हर पुढच्याच आठवड्यात वसईकडे दुसऱ्या कामाला लागला. म्हणजे हे जाणणारी मी एकटी उरले.

मला रडू आलं नाही. अजिबात नाही. बायका म्हणायच्या, पोरगी दगड झाली, रडवा हिला, नाहीतर काहीतरी होऊन बसेल. त्यांनी ताईचं नाव घेऊन हंबरडे फोडून बघितले. मी त्यांच्या तोंडाकडे बघत बसायची. कॉलेज सुरू झालं, मी गेले नाही. दिवसभर पडवीत बसायची, विहिरीवरच्या पंपाचा आवाज ऐकायची. शेवटी एक दिवस बाबा म्हणाले, "चल माज्याबरोबर." आमच्यात मुलीला असं शेडवर न्यायची पद्धत नव्हती, काका कुरकुरलेही. बाबांनी ऐकून घेतलं आणि दुसऱ्या दिवशी पुन्हा माझ्यासाठी थांबले. सकाळी केळवे रोड स्टेशनवरून गाडी धरायची, बोईसरला उतरायचं, तिथून चालत शेड. वाटेत आम्ही बोलायचो नाही. पण नुसतं न बोलता कुणाच्या तरी शेजारी चालणं हे घरी बसण्यापेक्षा बरं होतं, एवढं मला तेव्हाही समजत होतं.

काम मी लवकर शिकले. टेबलावर गोधडी, गोधडीवर काच, वर विजेच्या मोटरला जोडलेलं लोकरीच्या जाड नमद्याचं चाक. तांबडी पूड पाण्यात कालवायची, काचेवर ओतायची आणि चाक फिरवायचं. चाक एका जागी ठेवायचं नाही. ठेवलं की तिथे खळगा पडतो आणि त्या काचेतून बघितलं की समोरचं झाड वाकडं दिसतं. पाणी तोडायचं नाही. दर थोड्या वेळानं हाताची मागची बाजू काचेला लावून बघायची, गरम लागली तर थांबायचं, नाहीतर दरवाजाची काच एकदम फुटते आणि तिचे तांदळाएवढे तुकडे होतात. आणि सगळ्याच्या आधी, ओरखडा कुठल्या बाजूला आहे ते ठरवायचं. सुट्या काचेत आतलं-बाहेरचं काही कळत नाही, रेघ दोन्हीकडून तशीच दिसते. बोट ओलं करून रेघेवर फिरवायचं. ओरखडा त्या बाजूला असला तर पाणी त्यात भरतं आणि रेघ क्षणभर नाहीशी होते. मग दुसऱ्या बाजूला खडूनं फुली मारायची, म्हणजे चुकून तिथे चाक लागत नाही. कंटाळवाणं काम. तासन् तास एकच हात फिरवायचा आणि काही वाटून घ्यायचं नाही. मला तेव्हा काही वाटतच नव्हतं, त्यामुळे मला ते उत्तम जमलं. बाबांनी मात्र ओरखडे वाचायचं सोडून दिलं होतं. काच यायची, ते बोट ओलं करायचे, फुली मारायचे, मोटर चालू. गिऱ्हाइकं सवयीनं विचारायची, "काय भाऊ, कशाचा हाय?" तर म्हणायचे, "कशाचा पन असंल. निघंल."

आत्ता परवा एका दाखल्यासाठी कोळगावला जिल्ह्याच्या नव्या कचेरीत गेले होते. मुलगा आत रांगेत, मी बाहेर सावलीत. समोर पन्नासेक गाड्या उभ्या, आणि मी म्हातारी एकेकीच्या काचेवर उन्हाची तिरीप कशी पडते ते बघत बसलेली. कुठल्या रेघा रबरातल्या वाळूच्या, कुठल्या वायपरच्या, कुठे कुणी पोरानं दगड फिरवलाय. मुलगा बाहेर आला तर म्हणतो, "आई, लोक बघतायत, तू गाड्या चोरणार आहेस असं वाटतंय." आता कुणी काच घासत बसत नाही, बदलून टाकतात. बरंच आहे.

त्या दिवसांत शेडवर एक काच आली तेव्हा बाबा तिथे नव्हते. चाकाच्या मोटरचं बेअरिंग गेलं होतं, दुसरी मोटर जोडून मला एक किरकोळ काच देऊन ते नवं बेअरिंग आणायला पालघरला गेले होते. दहाच्या सुमाराला शेजारच्या गॅरेजमधले सलीमभाई गोणपाटात गुंडाळलेली एक काच घेऊन आले. "चार बजे तक हो जाएगा ना बेटा? गाडी बेचनी है, पार्टी शाम को आ रही है." मी मान हलवली. ते गेल्यावर गोणपाट सोडलं. मागच्या दरवाजाची काच. कोपऱ्यात लिंबू-मिरचीचा एक स्टिकर होता, अर्धा खरवडलेला. लिंबू गेलेलं, मिरच्या साडेतीन.

त्या साडेतीन मिरच्या मी पाऊण तास मोजल्या होत्या. ताईच्या तोंडाकडे बघवत नव्हतं म्हणून त्या मोजत होते. एक, दोन, तीन, अर्धी. पुन्हा एक, दोन.

मी काच टेबलावर ठेवली आणि खालच्या कोपऱ्यातले ओरखडे बघितले. वीतभर जागेत तीस-चाळीस रेघा, आखूड, एकमेकींवर चढलेल्या, केसासारख्या बारीक. माझ्या डोक्यात एकच गोष्ट आली, आणि ती अगदी थंडपणे आली. बाबा येतील. बाबा ही रेघ ओळखतील. आणि बाबांना कळलं की आज ना उद्या आईला कळणार. त्याच्या आत हे सगळं निघालं पाहिजे. मी ब्लेड घेतलं आणि पहिला तो स्टिकर खरवडून काढला. डिंक रॉकेलनं पुसला. मिरच्या केराच्या डब्यात, वर कागद. मग काच उचलून दोनदा उलटसुलट केली, पुसली, गोधडीवर ठेवली, पूड ओतली आणि मोटर चालू केली.

शहाणपण बघा माझं. स्टिकर नेहमी आतून लावतात. सुट्या काचेची आतली बाजू कुठली, हे सांगणारी तेवढी एकच खूण होती आणि ती मी आधी नाहीशी केली. बरं, बोट तरी ओलं करून बघावं? फुली तरी मारावी? ते रोज वीस वेळा करणारी मी, तेच नेमकं केलं नाही. पुढे कित्येक वर्षं मी स्वतःला विचारत आले की घाईत राहिलं की मला त्या रेघा काढायच्याच नव्हत्या. खरं सांगते, अजूनही माहीत नाही.

तासभर घासल्यावर पाणी मारून पुसलं. रेघा तशाच. वाटलं, खोल आहेत. चाक दाबून धरलं. आणखी तासभर. पुसलं. तशाच. पूड वाढवली. हात कोपरापर्यंत तांबडे झाले, बोटांना मुंग्या आल्या, मग मुंग्याही गेल्या. डब्यात तांदळाची भाकरी आणि सुकट होती, डबा उघडला नाही. बाहेर रस्त्यावरून ट्रक जात होते, कुणीतरी "एक कटिंग दे रे" म्हणून ओरडत होतं, आणि मी काचेची चांगली, धडधाकट, एकही ओरखडा नसलेली बाजू झिजवत उभी होते. अंग मोडून काम करत होते आणि एक रेघ हलत नव्हती. तेव्हा मला पहिल्यांदा ताईचा राग आला. मेली तरी ऐकत नाही, असं मनात आलं. आलं खरं, लपवून काय करू?

बाबा दोनच्या गाडीनं आले. दारातूनच त्यांनी नाक वर केलं, नमद्याचा करपट वास येत होता. चार ढांगांत टेबलापाशी आले आणि पालथा हात काचेला लावला. "बंद कर. पैली बंद कर ती मोटर!" मी बंद केली. "तापलीय किती! फुटली असती तर डोळे गेले असते तुजे. कुणाची हाय?"

"सलीमभाईनं दिली. चार वाजता पायजे."

त्यांनी काच निवू दिली. मग मांडीवर घेऊन फडक्यानं कोरडी केली, बोट जिभेला लावून रेघांवर फिरवलं. रेघा तशाच दिसत राहिल्या. काच उलटी केली, पुन्हा बोट फिरवलं. रेघा नाहीशा झाल्या आणि पाणी सुकलं तशा परत आल्या.

"शोभे," ते म्हणाले, "ह्या बाजूला हायेत. फुली कुठाय?"

"नाय मारली."

"एवढ्या दिवसांत कधी चुकली नायस." रागावले नाहीत. रागावले असते तर बरं झालं असतं. मी म्हटलं, "द्या, मी करते. दुसऱ्या बाजूनं करते लगेच," आणि काचेला हात घातला. त्यांनी काच सोडली नाही. माझ्या हाताकडे बघितलं, मग काचेकडे. मग उठून दारात उजेडाला गेले, काच तिरकी धरली, डोळा बारीक केला.

आणि ते वाचायला लागले. दोन महिन्यांनी, त्यांच्या त्या जुन्या आवाजात, जणू समोर गिऱ्हाईक उभं आहे. "मागचा दरवाजा. आतून. मारणारा बसलेला नाय, आडवा हाय, म्हणून एवढं खाली लागलंय. डोकं ह्याच दाराकडं." काच जरा फिरवली. "पुरुषाचा हात नाय. बाई. उजवा. जोर फार नाय. पन थांबली नाय, मारत राहिली. आधी लांब लांब, मग आखूड." त्यांनी अंगठ्यानं एका रेघेची कड चाचपली. मी पाण्याच्या पिंपात बघत होते. पिंपावर एक गांधीलमाशी तरंगत होती, अजून जिवंत.

मग ते माझ्याकडे न वळता म्हणाले, "कुठपासून?"

"फाट्यापासून."

"पालघरपर्यंत?"

"हो."

"म्हणजे झोपेत नाय."

"नाय."

ते आत आले आणि पत्र्याच्या डब्यावर बसले. काच मांडीवर. एवढा मोठा माणूस, पण बसल्यावर लहान दिसला. "काय म्हणत होती?" त्यांनी विचारलं.

हे मला कुणी विचारलंच नव्हतं. एकदा झोपेतच गेली म्हटल्यावर विचारणार कोण? मी सांगायला लागले तेव्हा माझा आवाज मलाच सपाट वाटला, बाजाराची यादी वाचावी तसा. "थांबव म्हणत होती. गाडी थांबव, मला खाली घे, जमिनीवर निजव, हादरे सोसत नाय. डायव्हरनं दोनदा विचारलं, थांबू का गं म्हणून. मी सांगितलं, नाय, थांबू नका, जोरात घ्या. तिनं ऐकलं ते. मला शिव्या दिल्या तिनं, बाबा. माझे केस ओढले. मग तोंड फिरवून काच बडवायला लागली, मला नाय म्हणून रस्त्यावरच्या लोकांना तरी ऐकू जावं. शेवटपर्यंत बडवत होती. माझ्याशी बोलली नाय परत. माझ्यावर रागावून गेली ती."

बाबांनी ऐकलं. खिशातून खडू काढला, उठले, काच गोधडीवर ठेवून मी घासलेल्या बाजूला एक मोठी फुली मारली, काच उलटवली आणि म्हणाले, "पाणी धर."

मी पाणी धरलं. मोटर सुरू झाली. इतकं हलक्या हातानं घासताना मी त्यांना त्याआधी कधी बघितलं नव्हतं आणि नंतरही नाही. चाक काचेला टेकतंय की नाही, कळू नये असं. तांबडं पाणी गोधडीवरून पायांशी येत होतं. ते मधून मधून थांबायचे, पुसायचे, बघायचे. दहा रेघा गेल्या. मग आणखी. शेवटी तीन उरल्या, मग एक. त्या एका रेघेपाशी त्यांनी मोटर बंद केली. मला वाटलं, ठेवतात की काय. पण सलीमभाईला शब्द दिलेला होता, गाडी विकायची होती, आणि दुसऱ्याच्या काचेवर आपलं काही ठेवता येत नाही. त्यांनी पुन्हा चालू केली. तीही गेली.

आईला आम्ही हे कधी सांगितलं नाही. बाबांनी नाही, मी नाही. आई त्यानंतर बावीस वर्षं जगली आणि "झोपेतच गेली" म्हणत जगली. तिला आतून ठाऊक होतं का? असेल. दोन पोरी पोटात वाढवलेल्या बाईला कोण काय सांगणार? पण तिनं मला पुन्हा विचारलं नाही आणि मीही उगाच खरं बोलायला गेले नाही. ह्यात पाप असेल तर ते माझं, मी ते आनंदानं घेते.

तर काच झाली. बाबांनी स्वच्छ पाण्यानं धुतली, कोरडी केली, दाराकडे धरली. पलीकडचा रस्ता, टपरी, सायकल दुरुस्त करणारा माणूस, सगळं लख्ख. काच आहे असंही वाटेना. मी तिच्यातून बघत उभी होते आणि मला कळलं की सकाळपासून जे जावं म्हणून मी जिवाचा आटापिटा केला ते गेलं, आणि ताईच्या हातचं ह्या जगात तेवढंच एक उरलेलं होतं. तरी रडू आलं नाही.

बाबा काच गोणपाटात गुंडाळत होते. माझ्याकडे पाठ होती. सुतळीची गाठ मारता मारता म्हणाले, "मी पन नसती थांबवली."

मला आधी समजलंच नाही. "काय?"

"गाडी. तुज्या जागी मी असतो, तर मी पन थांबवली नसती. तिनं कितीबी मारलं असतं तरी."

त्यांनी एवढंच म्हटलं. तुझी चूक नाही, रडू नको, असलं काही नाही. आणि माझ्या आतून कसला तरी आवाज निघाला. मोटर बंद असताना शेडमध्ये एवढा आवाज कुठून येतोय असं मला वाटलं, आणि मग कळलं की मीच. मी खाली त्या तांबड्या पाण्यात बसले आणि ताईच्या नावानं ओरडले, अगो ताई, अगो ताई, करत. साडेदहा वर्षांची असताना तिच्या पाठीमागे बाजारात हरवले होते, तेव्हाही एवढी ओरडले नव्हते. नाकातोंडातून पाणी, हात कोपरापर्यंत तांबडे, तेच तोंडाला फासलेले. दोन महिन्यांचं सगळं एकदम आलं.

तेवढ्यात सलीमभाई काच न्यायला दारात आले. चार वाजले असणार. त्यांनी मला तसं बघितलं, बाबांच्या हातातली काच बघितली, आणि त्यांना वाटलं बाबांनी मला कामावरून बोललं. भला माणूस. पुढे होऊन म्हणाले, "अरे अरे, क्या हो गया? डाँटा क्या बच्ची को? जाने दो ना भाई, सीख रही है. एक काच के लिए कोई इतना रोता है क्या, बेटा?"

बाबांनी काच त्यांच्या हातात दिली. "रोने दे उसको," ते म्हणाले, आणि सलीमभाई बाहेर पडल्यावर त्यांनी शेडचं दार आतून लावून घेतलं.